१८५७ : विद्यापीठाचे साल आणि धारवाडचा मुलगा

१८५७ साल म्हटले की आपल्या पाठ्यपुस्तकांना उठाव आठवतो. शिक्षणाच्या इतिहासात मात्र ते विद्यापीठांचे साल आहे. जानेवारीत कलकत्ता, १८ जुलैला मुंबई आणि सप्टेंबरात मद्रास अशी तीन विद्यापीठे कायद्याने उभी राहिली. मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवीत नव्हते. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८६२ साली पहिले चार बी.ए. झाले : रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. या चौघांची विद्वत्ता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, त्या परीक्षेपर्यंत जाणारी वाट कोणासाठी मोकळी होती?

याचे उत्तर एक वर्ष अगोदरच मिळाले होते. जून १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातील धारवाडच्या एका महार मुलाने सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरायला तो तयार होता, तरी सरकारी शाळेने त्याला प्रवेश नाकारला होता. जुलैत सरकारने ठराव केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे त्यात मान्य केले. पण एकदोघांसाठी युगायुगांच्या समजुतींना एकदम हात घातला तर शिक्षणकार्याचेच नुकसान होईल, असे म्हणून त्याला बाहेरच ठेवले. न्याय कबूल करून अन्याय चालू ठेवण्याची ही सरकारी भाषा आपल्याला आजही अनोळखी नाही.

१८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे कळवले. पण कागद खुला झाला म्हणून ओसरी खुली होत नाही. जोतीराव फुल्यांनी सरकारची वाट न पाहता १८५२ मध्येच पुण्यात महार-मांगांसाठी शाळा काढली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी हिशेबच मांडला : सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून त्यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. पहिली पायरीच काढून घेतली तर माडी कोणासाठी?

बाबासाहेब मॅट्रिक झाले १९०७ साली. विद्यापीठाला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात त्यांनी धारवाडचे हे प्रकरण पुराव्यादाखल मांडले. एका मुलाचा फेटाळलेला अर्ज बहात्तर वर्षांनी साऱ्या समाजाची फिर्याद झाली.

मी माझ्या घरातला पहिला पदवीधर. आज महाविद्यालयात शिकवतो. विद्यापीठाचा इतिहास शिकवताना मी १८५७ च्या आधी १८५६ शिकवतो. त्या ठरावात मुलाची जात आहे, नाव नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपापल्या शाळा-महाविद्यालयांची जुनी प्रवेश-रजिस्टरे उघडा. आपल्यातले पहिले नाव कोणत्या साली आले, ते लिहून काढा. विद्यापीठ कधी स्थापन झाले हे कायदा सांगतो. ते आपल्यासाठी कधी उघडले, हे त्या रजिस्टरांतूनच कळेल.