नॉर्वेची युद्धकाळातील चूल

एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा नॉर्वेत शिरल्या आणि तेथील गृहिणींच्या वाट्याला टंचाई आली. मांस, लोणी, अंडी दुर्मिळ झाली. ताटात बटाटे, भाज्या, जाड्याभरड्या पिठाचा पाव आणि मासळी उरली. दैन्यच ते! पण त्याच काळात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू घटले. १९४५ मध्ये जर्मन गेले, पुढे लोणी परतले, तसे मृत्यूही वाढले. डॉ. स्ट्रॉम व जेन्सन यांनी १९५१ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. तंबाखूही तेव्हा दुर्मिळ होती, म्हणून सारे श्रेय मी भाजीला देत नाही. तरीही भगिनींनो, पाहुण्याचा मान तुपाच्या धारेवर मोजणाऱ्या आपण रोजच्या ताटात पालेभाजी, उसळ थोडी वाढती वाढू या. त्यासाठी युद्ध कशाला हवे?