शेरामागे एक आणा

अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि बंगाली मण म्हणजे चाळीस शेर. तेव्हा मणाला अडीच रुपये कर म्हणजे शेराला बरोबर एक आणा, हा हिशेब तोंडी करण्याइतका सोपा आहे. तरीही इंग्रजी अमदानीत ज्याने तो आणा वर्षानुवर्षे भरला त्या देशावरच्या कुणब्याला आपण तो भरतो आहोत याची बहुधा वार्ताही नसे. कारण तो मागायला त्याच्या दारी ना पाटील येई ना मामलेदार. वाण्याच्या तागडीत पडलेल्या मिठाच्या किमतीत तो केव्हाच विरघळून गेलेला असे.

मिठावर जकात घेणे ही इंग्रजांची नवी युक्ती नव्हे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांना लिहिलेले पत्र प्रसिद्धच आहे. पोर्तुगीज अमलाखालील बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून उदमी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील मीठ पडून राहील, यास्तव बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. या जकातीचा भार खाणाऱ्यावर पडत नसे असे नाही. पण तिचा हेतू आपल्या मुलखातील आगरे जगावीत हा होता. पुढे कंपनी सरकारने बसविलेला कर याच्या उलट्या दिशेचा, म्हणजे आपल्याच आगरात पिकलेल्या मिठावरचा होता.

मुंबई इलाख्यात तो १८३७ साली मणाला आठ आणे या दराने सुरू झाला. खरी हातचलाखी झाली ती १८४४ साली. त्या वर्षी सरकारने नगरजकाती, मोहतर्फा, बलुत्यांवरील पट्ट्या असे नाना जुने बाब रद्द केले, आणि ती तूट भरून काढण्यासाठी मिठाचा दर एकदम रुपयावर नेला. साळी, तेली, सोनार यांच्या डोळ्यांना दिसणारा कर गेला आणि कोणालाच न दिसणारा दुप्पट झाला. सुरतेच्या लोकांना मात्र तो दिसला. तेथे दंगा उसळला आणि दर बारा आण्यांवर उतरवावा लागला. माघार अर्थात तात्पुरतीच होती. सत्तावनच्या बंडानंतर खजिन्याला ओढ लागली तसा तो पायरीपायरीने चढत १८६९ साली एक रुपया तेरा आण्यांवर पोहोचला.

उरण, पेण, पनवेलच्या खाजणांत बांध घालून, उधाणाचे पाणी वाफ्यांत कोंडून, उन्हात पाय भाजून घेत आगरी जे मीठ पिकवी, त्यावर त्याचा स्वतःचा हक्क रास पडेपर्यंतच चाले. रास पडली की सरकारी पहारा आला. व्यापाऱ्याने कर आगाऊ भरून परवाना मिळविल्याखेरीज आणि सरकारी काट्यावर वजन झाल्याखेरीज गोणी हलत नसे. कोळ्यांना मासळी खारवण्यासाठी बिनकराचे मीठ देण्याची आवारे पुढे उघडण्यात आली खरी, पण तेथेही कारकुनाच्या नजरेखालीच काम चाले. गोव्याचे मीठ या व्यवस्थेला छिद्र पाडी. म्हणून १८७८ च्या तहाने इंग्रजांनी तेथील मिठाचा कारभारही, पोर्तुगीज सरकारला सालिना चार लक्ष रुपये देऊन, ताब्यात घेतला. तो तह १८९२ साली संपला.

या साऱ्या इतिहासात सर्वांत कठोर मिती १८७७ च्या डिसेंबरअखेरची आहे. दख्खनमध्ये दुष्काळाने माणसे मेली होती. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला, सरकारने दुष्काळपाहणीला धाडलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविलेल्या मापाप्रमाणे, एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा एवढी मजुरी त्याच वर्षी देण्यात आली होती. साऱ्या हिंदुस्थानात मिठाचा दर सारखा करावा या निमित्ताने हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जॉन स्ट्रॅची यांनी बंगालचा व उत्तरेचा दर किंचित उतरविला, आणि मुंबई-मद्रासचा, म्हणजे दुष्काळग्रस्तांचाच, अडीच रुपयांवर चढविला. शेरभर मिठावरचा नुसता कर त्या मजुराच्या धान्याच्या किमतीवरच्या दोन दिवसांच्या मिळकतीइतका झाला. माणशी वर्षाला पाच-सहा शेर धरले तर पाच माणसांच्या घराला पंचवीस-तीस आणे; गुरांचे वेगळे. लक्षाधीशाच्या घरीही माणशी शेर तेवढेच लागत, आणि या कराचा अन्याय मला येथेच दिसतो.

१८८२ साली दर दोन रुपये झाला. १८८८ साली, रुपयाचा भाव पडला आणि ब्रह्मदेश खालसा करण्याचा खर्च अंगावर आला तेव्हा, तो पुन्हा अडीचवर गेला. १९०२ साली गोपाळराव गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळातील आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकी भाषणात शिल्लक पडणाऱ्या खजिन्यावर बोट ठेवून हा भार उतरविण्याची मागणी केली. पुढच्या वर्षी आठ आणे कमी झाले, आणि १९०७ पर्यंत दर रुपयावर आला. १९२३ साली विधिमंडळाने नाकारलेली दरवाढ व्हाइसरॉयांनी आपल्या विशेषाधिकारात लादली, आणि वर्षभरात ती मागेही घेतली.

१९३० साली मिठाच्या सत्याग्रहात वडाळ्याला आणि शिरोड्याला लोकांनी आगरांत शिरून मूठमूठ मीठ उचलले. पुढल्या वर्षीच्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांना घरापुरते मीठ करण्याची आणि गावातल्या गावात विकण्याची मुभा मिळाली. कर मात्र १९४७ च्या एप्रिलपर्यंत राहिला. आणि १९५३ साली स्वतंत्र भारताच्या संसदेने, कर नव्हे, मिठावर अल्पसा उपकर बसविला.