तळटीप : गोमतीकाठचा क्लब

१४. लेखकाने ज्याला ‘गोमतीकाठचा क्लब’ म्हटले आहे, ती लखनौची छत्तर मंझिल. शेजारची फरहत बख्श कोठी त्याआधीची, १७८१ ची. ती बांधणारा फ्रेंच वंशाचा क्लॉड मार्टिन तळघरात नदीचे पाणी खेळवून उन्हाळ्यात गारवा मिळवी. त्याच्या मृत्यूनंतर (१८००) कोठी नवाबांकडे आली. छत्तर मंझिल गाझिउद्दीन हैदरने सुरू केली, नसिरुद्दीनने पुरी केली. १८५७ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब येथे थाटला गेला. १९५१ पासून केंद्रीय औषध संशोधन संस्था. बेगमांच्या महालात प्रयोगशाळा, हे लखनौलाच शोभावे! संस्था जानकीपुरमला हलल्यावर वास्तू ओस पडली. पुढे जीर्णोद्धाराच्या वेळी खोदताना मातीखालून भलीमोठी लाकडी नाव निघाली. नवाबांच्या जलविहाराबद्दलच्या गोष्टी निव्वळ बाता नव्हत्या, असे मानायला हरकत नाही. डागडुजी मात्र जिकिरीची : लखौरी विटांना सिमेंट मानवत नाही, चुना-सुरखीच लागते. ‘इंग्रजांनी बांधलेला क्लब’ हे लेखकाचे विधान अर्थातच ग्राह्य नाही. वास्तू नवाबांची, इंग्रज तिथे मागाहून आले.