लपणाऱ्या विनाशिका

गोंदियाहून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो किलोमीटर दूर. तरी १९७१ च्या युद्धातले कराची आपल्या वर्गाला आठवत असेलच. ४ डिसेंबरच्या रात्री 'निर्घात' या आपल्या छोट्या क्षेपणास्त्र नौकेने पाकिस्तानची मोठी विनाशिका 'खैबर' बुडवली. हल्ला विमानाने केला, असेच खैबरवरच्यांना वाटले. आधी दिसेल तो संपेल, हा त्या रात्रीचा धडा. १९८२ मध्ये फॉकलंडच्या युद्धात ब्रिटनच्या 'शेफील्ड'ने तोच गिरवला.

म्हणूनच मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या 'विशाखापट्टणम', 'मुरगाव', 'इम्फाळ' आणि 'सुरत' या विनाशिकांच्या बाजू तिरक्या आहेत. त्यांवर आदळलेल्या रडारच्या लहरी आल्या वाटेने परतत नाहीत, भलतीकडे वळतात. १६३ मीटर लांबीचे, ७,४०० टनांचे जहाज त्यामुळे अदृश्य होत नाही. ते रडारवर लहान दिसते आणि उशिरा सापडते. धानाच्या बांधीत मान खाली घातलेला आपला सारस जवळ जाईपर्यंत कुठे दिसतो? तेवढ्या अवधीत ब्राह्मोस डागता येते, अंगावर येणारे क्षेपणास्त्र बराकने पाडता येते.

लपायचे केवळ रडारपासून नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाणबुडीने आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. म्हणून आज जहाजाचा आवाजही दाबतात. २०२१ ते २०२५ दरम्यान या चारही विनाशिका नौदलात आल्या. त्यांच्या प्रत्येक तिरक्या पत्र्यामागे आतल्या माणसांच्या जिवाचा हिशेब आहे.