बाळू पालवणकर आणि त्यांचा एक चाहता

इ. स. १९११ मध्यें अखिल हिंदी क्रिकेट-संघ प्रथमच विलायतेस गेला. संघाला बहुतेक सामन्यांत हार खावी लागली. पण चर्मकार समाजांत जन्मलेल्या डावखुऱ्या बाळू पालवणकरांनीं तेथें शंभरांहून अधिक बळी घेतले. पुण्यास गोऱ्यांच्या क्लबांत खेळपट्टीची निगा राखतां राखतां आणि साहेबांना सराव देतां देतां त्यांनीं ही विद्या हस्तगत केली होती. हिंदु संघांत त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वांना चाले. चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर मातीच्या निराळ्या पेल्यांत मिळे!

परतल्यावर मुंबईस अस्पृश्य बांधवांनीं त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीं मानपत्राचें काम ज्या वीस वर्षांच्या कॉलेज-विद्यार्थ्यानें केलें, त्याचें नांव भीमराव आंबेडकर. जातीच्या नांवावर अडविलेला मनुष्य केवळ गुणांच्या बळावर केवढी मजल मारतो, हें त्या तरुणास पुस्तकांत शोधावें लागलें नाहीं. तरीही हिंदु संघाचें कर्णधारपद बाळूंना देण्यांत आलें नाहीं. १९२३ सालीं तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल ह्यांस लाभलें.

पुढें दोघांच्या वाटा फुटल्या. १९३७ च्या निवडणुकींत भायखळा-परळ मतदारसंघांत काँग्रेसनें आंबेडकरांसमोर बाळूंनाच उभें केलें. निवड धूर्तपणाची खरी, पण उदार नव्हे. मतें मोजलीं तेव्हां आंबेडकर विजयी झाले होते.