हौसेला मोल नसतं? पालींच्या पैदाशीचा इतिहास वाचताना

सिनॉप्सिस लिहायला बसलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या शीर्षकात एक ‘विरुद्ध’ येऊन बसतो. परंपरा विरुद्ध आधुनिकता, शहर विरुद्ध गाव, हौशी विरुद्ध व्यावसायिक. कागदावर हे छान दिसतं. घोडं अडतं ते पुढे, साधनं वाचायला घेतल्यावर. आज एक जरा वेगळं उदाहरण घेऊन हे समजावून घेऊ: पाळीव पालींची पैदास. हसू नका. घरात पाल दिसली की आपण झाडू शोधतो हे खरं, पण अमेरिका-युरोपात गेली काही दशकं पाली पाळणं आणि त्यांची पिल्लं विकणं हा मोठा छंदही आहे आणि धंदाही. आणि तिथला कायमचा वाद हाच: अमका पैशासाठी पैदास करतो, तमका प्रेमापोटी. प्रश्न असा आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा वाद जसाच्या तसा उचलावा का?

आधी जनावराची ओळख करून घेऊ. या व्यापारातली सगळ्यात प्रसिद्ध पाल म्हणजे लेपर्ड गेको. शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचं वर्णन केलं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मुलूख. तिची एक जवळची बहीण, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातेत सापडते. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. हिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे ही भिंतीवर चढत नाही, जमिनीवर फिरते. शेपटीत चरबी साठवते. म्हणजे शांत, काटक आणि काचेच्या पेटीत सहज राहणारी. मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, पण एका हंगामात अनेकदा घालते. वर्षभरात पिल्लू वयात येतं. आणि नीट सांभाळलं तर हे जनावर पंधरा वर्षांहून जास्त जगतं. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सुरुवातीला या पाली रानातून धरून परदेशात पाठवल्या जात. हळूहळू बंदिस्त पैदास जमायला लागली. त्यातली एक गंमत पाहा. या पालीत पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं कोणत्या तापमानात उबवलं त्यावर ठरतं. साधारण २६ अंशांना बहुतेक माद्या, ३२-३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर, आणि त्याहून जास्त तापमानाला पुन्हा बहुतेक माद्या. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेने यावर वर्षानुवर्षं काम केलं. पैदासकाराला हे ज्ञान कशाला हवं? अनेक माद्यांना एक नर पुरतो, म्हणून माद्या जास्त हव्यात. आता सांगा, इन्क्युबेटरवर २६ अंश लावणारा हात नफ्याचा की हौसेचा? हौशी माणूसही तेच तापमान लावेल. कृती तीच आहे, हेतू आपण बाहेरून चिकटवतो.

इथे पहिला धडा घ्या. हेतू हा साधनात क्वचितच लिहिलेला असतो, आणि लिहिलेला असला तर बहुधा जाहिरातीत असतो. ‘आम्ही प्रेमाने वाढवतो’ हे वाक्य विक्रीच्या पत्रकावरच छापलेलं असतं. म्हणून ‘त्याला काय वाटत होतं?’ याऐवजी ‘त्याने काय केलं, काय लिहून ठेवलं, आणि कशासाठी?’ हे विचारा.

लिहून ठेवणं या धंद्यात का आलं, तेही पैशातूनच कळतं. १९९० च्या दशकात लेपर्ड गेकोत फिकट रंगाच्या, म्हणजे अल्बिनो, पाली पैदा झाल्या. हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला अगदी साधं, पण पोटात रंगाचा वारसा घेऊन फिरणारं. व्यापारात अशा पिल्लाला ‘हेट’ म्हणतात आणि त्याला साध्या पिल्लापेक्षा जास्त भाव मिळतो. आता बघा, गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतंय? डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. तो पैदासकाराची वही विकत घेतोय. वंशावळ खोटी निघाली तर पैसे पाण्यात. म्हणजे काटेकोर नोंद ठेवणं ही हौसेची खूण आहे असं आपण धरून चालतो, पण इथे ती मालाचाच भाग होती.

त्याच वह्यांतून ज्ञानही निघालं. अल्बिनोंचे तीन वेगवेगळे वाण तयार झाले: ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल. एका वाणाचा अल्बिनो दुसऱ्या वाणाच्या अल्बिनोशी जोडला की पिल्लं साध्या रंगाची निघतात. अर्थ उघड आहे. तिन्ही वाणांत बिघडलेलं जनुक एकच नाही. जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेत करतात ती कसोटी पैदासकारांनी आपल्या पेट्यांमध्ये केली होती. ज्यांना या वळणाचा जुना इतिहास वाचायचा आहे त्यांनी जेम्स सेकॉर्ड यांचा डार्विन आणि लंडनच्या कबुतरवाल्यांवरचा १९८१ चा लेख जरूर मिळवावा. डार्विन स्वतः कबुतरं पाळत होता आणि कबुतरवाल्यांच्या क्लबांचा सभासद होता. त्यांच्या अनुभवावर त्याने बराच युक्तिवाद उभा केला.

आता दुसरी पाल, क्रेस्टेड गेको. न्यू कॅलेडोनिया बेटांवरची. १८६६ मध्ये तिचं वर्णन झालं, पुढे ती नामशेष झाली असं मानलं गेलं, आणि १९९४ मध्ये ती जिवंत सापडली. आज तिथून निर्यातीला बंदी आहे. तरीही जगभर ही पाल घराघरांत आहे, कारण थोड्याशा जनावरांपासून पुढची सगळी प्रजा बंदिस्त अवस्थेत वाढवली गेली. ती इतकी पसरली त्याचं एक मोठं कारण खाणं. ही पाल फळंही खाते. पैदासकारांनी पाण्यात कालवून द्यायची भुकटी तयार केली आणि रोज जिवंत किडे आणायची कटकट कमी झाली. ती भुकटी तयार करणारे लोक या पालीचे वेडे होते आणि त्यांनी ती विकलीही. इथे ‘नफा विरुद्ध हौस’ असा तक्ता काढायला गेलात तर एकच माणूस दोन्ही रकान्यांत लिहावा लागेल.

मग सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

२०१५ च्या सुमारास लेपर्ड गेकोचा ‘लेमन फ्रॉस्ट’ नावाचा नवा रंग बाजारात आला. पांढरट झळाळी, त्यावर उठून दिसणारा पिवळा. गुण प्रभावी स्वरूपाचा, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी पहिल्याच पिढीत दिसणारा. पैदासकाराला आणखी काय हवं? पण काही काळाने या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसायला लागल्या. कॅलिफोर्नियातल्या एका पैदासकाराने आपल्या पाली आणि नोंदी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या लिओनिड क्रुग्लियाक यांच्या गटाकडे नेल्या. २०२१ मध्ये ‘प्लॉस जेनेटिक्स’ मध्ये शोधनिबंध आला. या रंगाच्या ८० टक्क्यांहून जास्त पालींना सहा महिने ते पाच वर्षं या वयात त्वचेच्या गाठी झाल्या होत्या. संशयाची सुई ‘स्पिंट१’ या जनुकाकडे होती, जे एरवी गाठी रोखायला मदत करतं. म्हणजे ज्या बदलामुळे पांढऱ्या पेशी वाढून रंग खुलला, त्याच बदलामुळे त्या पेशी आवरेनाशा झाल्या. निबंधाच्या लेखकांमध्ये त्या पैदासकाराचंही नाव आहे.

हा प्रसंग तुमच्या तक्त्यात कुठे बसवाल? ज्या माणसाने रंग विकण्यासाठी मोठी पैदास उभी केली त्याच्याच पैदाशीमुळे आजाराचं कारण सापडलं. हौशींचंही तसंच. २००० च्या दशकात ‘एनिग्मा’ नावाचा वाण आला. त्यातल्या अनेक पाली गोल गोल फिरतात, मान वाकडी करतात, भक्ष्यावर नेम चुकवतात. हे माहीत असूनही तो वाण चालू राहिला, आणि तो जपणाऱ्यांत त्याच्यावर मनापासून प्रेम करणारेही होते. प्रेम होतं म्हणून जनावर सुखी झालं नाही.

म्हणून मी म्हणेन, हेतूचा रकाना बाजूला ठेवा आणि काळाचा रकाना आखा. लेमन फ्रॉस्टसाठी तो असा दिसेल. रंग दिसतो अंड्यातून बाहेर पडताना. पिल्लू विकलं जातं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. नव्या रंगाचा भाव सगळ्यात चढा असतो पहिल्या काही वर्षांत, कारण पुढे तोच रंग सगळ्यांकडे असतो. गाठ दिसते सहा महिन्यांनंतर कधीही, पाच वर्षांपर्यंत. आणि जनावराचं आयुष्य पंधरा वर्षांहून जास्त. म्हणजे पैसा हातात येतो तेव्हा दुखणं अजून दिसलेलंच नसतं. ते दिसतं तेव्हा पाल तिसऱ्याच्या घरी असते आणि तिची पिल्लं चौथ्याच्या. फरक पडतो तो जनावराजवळ किती वर्षं कोण थांबलं आणि त्या वर्षांची नोंद कोणी ठेवली, यावरून. व्यापारीही थांबू शकतो. हौशी माणूसही नवा रंग आला की जुनी पाल देऊन टाकू शकतो.

नोंद म्हटली की तिची पारखही आली. त्याचं उदाहरण तोके गेकोचं. पारंपरिक औषधांसाठी या पालीला आशियात मोठी मागणी आहे. इंडोनेशियाने काही कंपन्यांना वर्षाला तीस लाखांहून जास्त जिवंत तोके निर्यात करायची मुभा दिली होती, ‘पैदास केलेल्या’ आणि ‘पाळण्यासाठी’ या नावाखाली. ट्रॅफिक या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये साधा हिशेब मांडला: इतकी पिल्लं काढायला किती माद्या, किती पेट्या, किती माणसं लागतील? आकडे इतके अफाट निघाले की पैदाशीचा दावा कागदोपत्रीच उरला. पुढे २०१९ मध्ये ही पाल साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. बघा, अभ्यासकांनी ‘हे लोक लोभी आहेत’ असं म्हणण्यात शाई घालवली नाही. त्यांनी अंडी मोजली.

तुमचा विषय पाली नसेल. पैठणी असेल, हौशी रंगभूमी असेल, बैलांच्या शर्यती असतील. तरीही सिनॉप्सिसमधल्या ‘विरुद्ध’वर पेन्सिलीने गोल करा आणि तीन प्रश्न विचारा. पैसा साखळीत नेमका कोणत्या क्षणी हातात येतो? नुकसान कोणत्या क्षणी दिसतं, आणि तेव्हा वस्तू किंवा जीव कोणाकडे असतो? या दोन क्षणांच्या मधल्या काळाची नोंद कोणी ठेवली, आणि ती का ठेवावीशी वाटली? उत्तरं मिळायला लागली की प्रकरणांची मांडणी बऱ्यापैकी आपोआप होते. जुन्या किंमतपत्रिका, प्रदर्शनांच्या जाहिराती, पैदाशीच्या वह्या ही साधनं मग किरकोळ वाटत नाहीत. त्यांच्यावरच्या तारखा सोन्याच्या असतात.

हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतात. गाठी आलेल्या त्या पालींकडे पाहिलं की कळतं, मोल असतंच. ते कोण चुकतं करतं आणि किती वर्षांनी, हे शोधणं आपलं काम.