समुद्राची शाळा



मैलूर हे बिदर शहराला लागून असलेले गाव. येथून समुद्र शेकडो मैल दूर. वायुदलाच्या तळावरील शिकाऊ विमाने मात्र रोज आमच्या डोक्यावरून घोंघावत जातात. त्यामुळे वैमानिक होऊ म्हणणारी मुले दरसाल भेटतात. माझ्या वीस वर्षांच्या शिक्षकी पेशात, ‘मला आरमारात अधिकारी व्हायचे आहे,’ असे म्हणणारा विद्यार्थी मात्र एकच भेटला. सारा वर्ग हसला. उन्हाळ्यात विहिरी आटणाऱ्या मुलखातील पोर समुद्राच्या गोष्टी करते, याचे मलाही हसू आले. पुढे त्याने अकरावीला गणित सोडले आणि तो मार्ग त्याला कायमचा बंद झाला. त्या दिवशी मी त्याला जे सांगावयास हवे होते, ते आज आपणांपुढे मांडतो.

बिदरचा आणि समुद्राचा संबंध जुना आहे. इराणच्या गिलान प्रांतातील महमूद गावान हा १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला, घाट चढून बिदरला आला आणि कालांतराने बहामनी राज्याचा वजीर झाला. १४७२ मध्ये त्याच्याच मोहिमेत गोवा बहामनी राज्यास मिळाला. त्याच सुमारास त्याने बिदरला जो मदरसा बांधला, त्याचे भग्न वैभव आजही उभे आहे. त्या मदरशात आरमारी अधिकारी घडत होते, असा दावा मी करीत नाही. परंतु गणित आणि खगोल ही जी शास्त्रे अशा विद्यापीठांतून शिकविली जात, त्यांच्याच आधाराने दर्यावर्दी लोक समुद्र ओलांडीत, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याचा पडताळा घरच्या गच्चीवरही घेता येईल. एक कोनमापक घ्यावा, त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली ओळंबा सोडावा आणि रात्री ध्रुवताऱ्याकडे रोखून कोन मोजावा. ध्रुव क्षितिजापासून सुमारे अठरा अंश वर आढळेल. हाच बिदरचा अक्षांश. दाभोळचा अक्षांश साडेसतरा अंशांहून किंचित अधिक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ सागरी मैल; तेव्हा बिदर हे दाभोळपेक्षा अवघे वीस सागरी मैल उत्तरेला पडते. म्हणजे गावान दाभोळहून जवळजवळ नाकासमोर पूर्वेला चालत आला! रेखांशाचा हिशेब घड्याळाचा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून बिदरला माध्यान्ह दाभोळच्या सुमारे सतरा मिनिटे आधी होते. भर समुद्रात आपले जहाज कोठे आहे हे सांगणाऱ्या विद्येचा पाया एवढाच आहे. तो घालण्यास समुद्रकिनारा लागत नाही. फळा, खडू आणि स्वच्छ आकाश पुरते.

आता मराठ्यांच्या आरमाराकडे वळू. शिवछत्रपतींनी १६५७-५८ च्या सुमारास कल्याण-भिवंडीच्या परिसरात जहाजबांधणीस आरंभ केला. कान्होजी आंग्रे यांच्या काळी, म्हणजे १७२९ पर्यंत, पश्चिम किनाऱ्यावर त्यांच्या गुराबा आणि गलबतांचा दरारा होता. इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊनही कुलाबा घेऊ शकले नाहीत. परंतु या पराक्रमामागील विद्या तांडेलांच्या व खलाशांच्या हातांत आणि डोळ्यांत होती. ती बाप मुलाला देई. तिचा अभ्यासक्रम कोणी लिहिला नाही, तिची शाळा कोणी काढली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. त्या स्वारीत इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांचे सैन्यही होते, ही गोष्ट आपणांस विसरता येत नाही. जहाजे पुन्हा बांधता आली असती. पण लाटांवर वाढलेली माणसे पांगली, की त्यांची विद्या कोठे शोधावयाची?

पुढे इंग्रजी अमदानीत हिंदी माणूस खलाशी होता, अधिकारी नव्हता. १९२३ च्या व्यापारी जहाजवाहतूक समितीने प्रशिक्षणनौकेची शिफारस केली आणि १९२७ मध्ये मुंबईस माझगावच्या पाण्यात ‘डफरिन’ ही नौका शाळा म्हणून उभी राहिली. ती मुख्यतः व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांसाठी होती. आरमारात डी. एन. मुखर्जी यांना १९२८ मध्ये अभियंता शाखेत स्थान मिळाले. ते पहिले हिंदी अधिकारी. ‘डफरिन’च्या पहिल्याच तुकडीतील रामदास कटारी हे २२ एप्रिल १९५८ रोजी भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. स्वातंत्र्य येऊन तोवर जवळजवळ अकरा वर्षे लोटली होती. जहाजे वाटणीत मिळाली, ध्वज एका रात्रीत बदलला. पण अनुभवी सेनापती घडण्यास तीस वर्षे लागली. कटारी यांच्यानंतर १९६२ मध्ये ते पद भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे आले.

आज ही विद्या रीतसर विद्यापीठीय झाली आहे. लोणावळ्याचे ‘शिवाजी’ हे अभियांत्रिकीचे प्रशिक्षणकेंद्र १९४५ पासून डोंगरातच आहे. जानेवारी १९५५ मध्ये खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी सुरू झाली, तीही सिंहगडाच्या परिसरात. तेथे तीन वर्षे शिकणाऱ्या छात्रांस जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश आहे. केरळातील एळिमला येथील नौदल प्रबोधिनी २००९ मध्ये सुरू झाली. तेथे बारावीनंतर निवडलेले विद्यार्थी चार वर्षे यंत्रशास्त्र अथवा इलेक्ट्रॉनिक्स शिकून अभियंते होतात आणि त्याबरोबरच नौकानयन, आरमाराचा इतिहास व नेतृत्व यांचे पाठ घेतात. अमेरिकेने हीच वाट १९२६ मध्ये धरली होती. तिने हार्वर्ड, येल यांसारख्या सहा विद्यापीठांतून आरमारी शिक्षणाचे वर्ग उघडले. त्यामुळे किनाऱ्यापासून दूरच्या गावचा विद्यार्थीही इतर पदवीधरांच्या बाकावर बसून नौदलाधिकारी होऊ लागला.

या साऱ्या मार्गांच्या दाराशी एकच पहारेकरी उभा आहे. नौदलाच्या जागेसाठी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवेच. प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा इंग्रजीत वा हिंदीत होते. घरी मराठी, शेजारी कन्नड, बाजारात दखनी बोलणाऱ्या आमच्या सीमाभागातील मुलाला हा उंबरा उंच वाटतो, यात नवल नाही. पण तीन भाषांत वावरणाऱ्या मुलाला चौथी भाषा जड जावी, असेही नाही. जड जाते ते, कोणी वेळीच न सांगणे. सातारा व विजापूर येथील सैनिकी शाळा साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत. आमच्या किती पालकांना त्या ठाऊक आहेत?

पालकहो, आपले मूल दहावीनंतर गणित सोडू लागले, तर त्याला आधी एक रात्र गच्चीवर न्यावे आणि ध्रुव दाखवावा. त्याने गणित सोडले, तरी ते निदान जाणून-बुजून सोडील. आणि शिक्षकबंधूंनो, वर्ग हसला तरी आपण हसू नये. मी एकदा हसलो आहे.